पावसाळी देशाची प्रत्यंचा

धनुष्याविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक लाकडाविषयी असते. कोणते झाड, किती लांबी, किती ताकद यावर पानेच्या पाने सापडतात. दोरी मात्र उल्लेखापुरती येते. याला दुर्लक्षाइतकेच पुराव्याचेही कारण आहे. दोरी झिजते, कुजते, तुटते आणि फेकली जाते. १५४५ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या मेरी रोझ या युद्धनौकेतून १७२ लांब धनुष्ये वर आली, पण त्यांच्यावर चढवायच्या दोऱ्या समुद्राने राखल्या नाहीत. भीमबेटकाच्या शैलचित्रांत तिरंदाज आहेत, त्यांच्या धनुष्याची दोरी म्हणजे रंगाची एक रेघ. ती कशाची वळली होती हे त्या रेघेवरून कळत नाही. तरीही भारतातल्या प्रत्यंचेबद्दल आपल्याला बरेच काही सांगता येते, कारण ती इथे राज्यकारभाराच्या ग्रंथात नोंदली गेली, संस्काराच्या विधीत शिरली आणि एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच झाडांच्या दोऱ्यांना वजने टांगून त्या तपासल्या. हे तिन्ही पुरावे शेजारी ठेवले तर माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. आपल्याकडे प्रत्यंचेची निवड निव्वळ ताकदीवर झाली नाही, ती पाण्यावर झाली. जी दोरी ओली झाली तरी सैल पडत नाही तिला पहिला मान मिळाला, आणि तशी दोरी जनावराच्या अंगातून नव्हे, झाडाच्या सालीतून मिळते.

हे पटवायचे तर दोरीला नेमके काय काम पडते ते आधी पाहायला हवे. बाण सुटताना धनुष्याची दोन्ही टोके पुढे झेपावतात आणि दोरी सरळ होऊन एकदम अडते. त्या क्षणी तिच्यावर येणारा ताण ओढीच्या ताणाहून कितीतरी मोठा असतो. म्हणून धनुष्य बनवणारे कारागीर ढोबळ नियम पाळतात, की दोरीने ओढीच्या निदान चौपट भार सोसला पाहिजे. ४५ पौंडांच्या धनुष्याला १८० पौंडांची दोरी. मग ती कितीही जाड करावी असे वाटेल. पण दोरीलाही वजन असते आणि सुटताना तीही पळते. तिच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा बाणावरच लादल्यासारखा होतो आणि तेवढा वेग कमी होतो. रॉजर अॅशम या इंग्रज विद्वानाने १५४५ मध्ये तिरंदाजीवर लिहिलेल्या ग्रंथात हे अनुभवाने सांगितले आहे: जाड दोरी धनुष्याला सुरक्षित आणि नेमाला स्थिर, पण बाण मंद, बारीक दोरीचे सगळे याच्या उलट. लाकडी धनुष्य घडवणाऱ्यांना आजही हा पेच सोडवावा लागतो. अलीकडचे कृत्रिम धागे इतके मजबूत आणि इतके न ताणले जाणारे आहेत, की त्यांची बारीक दोरी साध्या लाकडी धनुष्यावर चढवली तर सुटीचा सगळा धक्का टोकांवर जातो आणि खाचेपाशी लाकूड चिरते. त्यामुळे अनुभवी कारागीर टोके भक्कम केलेली नसतील तर थोडी ताणणारी पॉलिएस्टरची दोरीच सुचवतात. सर्वांत मजबूत तीच सर्वांत चांगली, हा हिशेब दोरीच्या बाबतीत पहिल्या पायरीलाच चुकतो.

आता पाणी. जनावराची कंडरा, म्हणजे मांस हाडाला बांधणारी पांढरी चिवट शीर, सुकवून, ठेचून, तंतू सोडवून वळली तर उत्तम दोरी होते. कातड्याची वादी आणि आतड्याची तांत हीही त्याच जातीची. पण या सगळ्या वस्तू ओलावा शोषतात, मऊ पडतात आणि ताणाखाली लांबत जातात. कंडरेची दोरी भिजली की धनुष्य ढिले पडते, दोरी खाचेतून निसटू शकते, आणि ढिल्या धनुष्याने मारलेला बाण कुठे जाईल याचा भरवसा नसतो. रेशीम यापेक्षा बरे, पण ओल्या रेशमाचीही ताकद काही अंशी घटते. सालीच्या धाग्यांचे नेमके उलट आहे. ताग, अंबाडी, जवस, भांग यांचे तंतू ओले झाले की कमजोर होण्याऐवजी थोडे अधिक भार सोसतात. शिवाय वळलेली दोरी भिजून फुगते, आणि फुगली की पीळ घट्ट होऊन लांबीला आखडते. बैलगाडीचा दोर पावसात कसा आवळतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आखडलेल्या दोरीने धनुष्य थोडे जास्त वाकते, ओढायला थोडे जड जाते, पण मारा थांबत नाही. ढिल्या दोरीने तो थांबतो. जगाच्या नकाशावरही हा फरक उमटलेला दिसतो. उत्तर ध्रुवाकडच्या कोरड्या थंडीत आणि अमेरिकेच्या गवताळ मैदानांत दोरी कंडरेची. ओलसर इंग्लंडात भांगेची आणि जवसाची. दमट जपानात भांगेची, तीही राळ आणि तेल कढवून केलेल्या लेपाने माखलेली. न्यू गिनीच्या पावसाळी जंगलात वेताच्या आणि बांबूच्या पट्टीची. अपवाद आहेतच, पण कल स्पष्ट आहे.

भारतातला सर्वांत मोलाचा पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये हा ग्रंथ प्रथम छापून प्रसिद्ध केला आणि पुढे र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचा मूळ संहितेचा खंड १९६० मध्ये आला. ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याने काय काय साठवावे ते सांगताना धनुष्याच्या दोरीची सहा साधने दिली आहेत: मूर्वा, अर्क म्हणजे आपली रुई, शण म्हणजे ताग, गवेधु हे गवताच्या कुळातले रोप, बांबू आणि शेवटी कंडरा. सहापैकी पाच वनस्पती. पण खरा बोलका पुरावा या यादीत एकटा नाही. तो तिच्या आदल्या प्रकरणाशी ताडून पाहिल्यावर हाती लागतो. तिथे रानातल्या मालाच्या अधिकाऱ्याने गोळा करायच्या सालीच्या धाग्यांचा वर्ग दिला आहे: मालती, मूर्वा, अर्क, शण, गवेधुका, अतसी. त्याच्या लगेच पुढे दोरखंडाचे साहित्य वेगळे काढले आहे, त्यात मुंज आणि बल्वज ही गवते. दोन्ही प्रकरणे समोर ठेवा. सालीच्या सहा धाग्यांपैकी चारच शस्त्रागारात पोचतात. मालती गळते, आणि अतसी म्हणजे जवसही गळतो. दोरखंडाच्या गवतांपैकी एकही प्रत्यंचेच्या यादीत येत नाही.

जवस गळणे मला फार अर्थपूर्ण वाटते. युरोपात लांब धनुष्याच्या दोरीचा तो एक प्रमुख धागा होता. कौटिल्याला तो धागा म्हणून ठाऊक आहे, साठवण्यासारखा वाटतो, तरी धनुष्यासाठी तो त्याला निवडत नाही. आपल्याकडचा जवस तेलासाठी पेरला जाणारा, बुटका आणि फांद्यांचा. त्याचा धागा आखूड निघतो. आखूड धाग्याची दोरी तुकड्यातुकड्यांनी सांधत जावी लागते, आणि प्रत्येक सांधा ही एक कमकुवत जागा. मुंजीचे गवत रोजच्या वापराच्या दोरांना चांगले, पण ते भरड आणि वजनाला जड. वर सांगितलेल्या तिसऱ्या हिश्श्याच्या हिशेबात ते बसत नाही. म्हणजे यादी लिहिणाऱ्याने सुचतील तेवढी नावे ओळीने मांडली, असे म्हणता येत नाही. मोठ्या संग्रहातून त्याने काही उचलले, काही सोडले, आणि जे सोडले ते का सोडले याचे कारण आजही देता येते.

याच निवडीची दुसरी साक्ष अगदी वेगळ्या ठिकाणी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात उपनयनाच्या वेळी बटूच्या कमरेला बांधायच्या मेखलेचे तीन प्रकार सांगितले आहेत: ब्राह्मणाची मुंज गवताची, क्षत्रियाची मूर्वेची आणि ती प्रत्यंचाच, वैश्याची शणाची. वर्णभेदाची ही व्यवस्था कोणाला प्रिय वाटावी म्हणून मी ती सांगत नाही. मुद्दा कारागिरीचा आहे. शस्त्रागाराच्या यादीत मूर्वा पहिली आणि विधीतही क्षत्रियाची दोरी मूर्वेची. मुंज इथेही प्रत्यंचेपासून दूर. एक ग्रंथ कोठारासाठी लिहिलेला, दुसरा आचारासाठी. दोघांची साक्ष जुळते ती बहुधा दोघांच्या आधीपासून चालत आलेल्या एका व्यवहारामुळे. विधी अशा गोष्टी जपून ठेवतो ज्या एकेकाळी रोजच्या होत्या.

यावर पहिला आक्षेप वैदिक पुराव्याचा येतो आणि तो वजनदार आहे. ऋग्वेदात धनुष्याला झाड आणि प्रत्यंचेला गाय म्हटल्याची जागा आहे, आणि निरुक्तात यास्काने तिचा अर्थ लावताना दोरीलाही गाय म्हणतात असे स्पष्ट नोंदवले आहे. म्हणजे ती दोरी गाईच्या कंडरेची, आतड्याची किंवा कातड्याची होती. जगातला सर्वांत जुना प्रत्यक्ष पुरावाही याच बाजूचा आहे. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यातली दोरी आधी वनस्पतीची समजली गेली होती. नंतरच्या तपासणीत ती जनावराच्या कंडरेचे तीन पेड वळून केलेली निघाली. स्पेनच्या ग्रानादा प्रांतातल्या एका कोरड्या गुहेत मिळालेल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या दोऱ्याही कंडरेच्याच आहेत. मग वनस्पतीची दोरी मुख्य होती असे कसे म्हणायचे? माझे उत्तर असे, की हा पुरावा माझ्या मताला छेद देत नाही, त्याची सीमा आखून देतो. बर्फ आणि कोरडी गुहा या जागा जिथे आहेत तिथले हवामानच कंडरेला मानवणारे आहे. ऋग्वेदाचा मुख्य प्रदेश वायव्येकडचा, पंजाबच्या नद्यांचा. तिथला पाऊस मगधाच्या किंवा कोकणाच्या पावसापुढे थोडा, आणि गोधन हीच तिथल्या लोकांची संपत्ती. जे हाताशी आहे आणि जे तिथल्या हवेत टिकते त्याची दोरी त्यांनी वळली. अर्थशास्त्राची दुनिया गंगेच्या खोऱ्याची आणि साल वृक्षांच्या व बांबूच्या रानांची. तिथे कंडरा नाहीशी झालेली नाही, ती यादीत आहे. पण तिच्यापुढे पाच वनस्पती उभ्या आहेत.

शतपथ ब्राह्मणातली एक कथा इथे आठवते. विष्णू ताणलेल्या धनुष्याच्या टोकावर मस्तक टेकून उभा असताना वाळवीसारख्या किड्यांनी प्रत्यंचा कुरतडली, धनुष्याची टोके उसळली आणि त्याचे मस्तक उडाले. वाळवी लाकडावर, गवतावर, सालीवर जगते. कथाकाराच्या मनात सालीची दोरी होती का, हे या एका गोष्टीवरून ठरवणे धाडसाचे होईल. पुरावा म्हणून ती हलकीच आहे. पण दोरी हा धनुष्याचा सर्वांत नाजूक भाग आहे आणि देवाचे धनुष्यही तिच्यामुळेच दगा देते, ही जाण तिच्यात आहे. विराटपर्वात पांडव शमीच्या झाडावर शस्त्रे ठेवण्याआधी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवतात. वर्षभर ओलीत राहणाऱ्या धनुष्यावर दोरी चढवून ठेवायची नसते, हे महाभारताच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते.

दुसरा आक्षेप ग्रंथांच्या स्वभावावर आहे. आपले शास्त्रग्रंथ याद्या करण्यात रमतात. हत्तींच्या लक्षणांपासून रत्नांच्या दोषांपर्यंत सगळ्यांचे वर्ग पाडतात. तेव्हा दोरीची यादीही पंडिताच्या खोलीत तयार झाली असेल. हा संशय रास्त आहे आणि त्याला उत्तर ग्रंथाबाहेरूनच मिळायला हवे. ते मिळते. विल्यम रॉक्सबर्ग १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. राजमहालच्या डोंगरांत, म्हणजे आजच्या झारखंडात, तिथले पहाडी लोक एका दुधाळ वेलीच्या सालीपासून आपल्या धनुष्याच्या दोऱ्या करतात असे त्यांनी नोंदवले. तिथे तिला जिती म्हणत. शास्त्रीय नाव मार्सडेनिया टेनासिसिमा. मूर्वा म्हणून जी झाडे सांगितली जातात त्यांतली ही एक. रॉक्सबर्गनी तिच्या दोरीला वजन टांगले तेव्हा कोरडी दोरी २४८ पौंडांना तुटली आणि ओली ३४३ पौंडांना. त्याच पद्धतीने घेतलेली भांगेची दोरी कोरडी १५८ आणि ओली १९० पौंडांना तुटली. हे चार आकडे माझ्या मते या सगळ्या चर्चेचे मर्म आहेत. ज्यांनी कौटिल्य वाचला नव्हता अशा डोंगरी तिरंदाजांनी स्वतःच्या अनुभवाने तीच वेल निवडली होती, आणि ती भिजल्यावर सव्वापटीहून अधिक भार सोसत होती.

अर्काची साक्ष मद्रासेतून येते. १८५५ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल यांचा भारतातल्या धाग्यांच्या वनस्पतींवरचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. क्रिमियाचे युद्ध चालू होते, इंग्रजी जहाजांच्या दोरांना लागणारी रशियन भांग शत्रूच्या ताब्यात होती, आणि साम्राज्याला एकाएकी भारतातल्या बांधाबांधांवरच्या झुडपांत रस वाटू लागला होता. त्या काळच्या नोंदींत रॉबर्ट वाइट यांनी मद्रासेत केलेली चाचणी आहे. काथ्याची दोरी २२४ पौंडांना तुटली, अंबाडीची २९०, मारूळ म्हणजे सान्सेव्हिएरियाची ३१६, कापसाची ३४६, घायपाताची ३६२, तागाची ४०७ आणि रुईची ५५२ पौंडांना. ज्या रुईकडे आपण मारुतीला माळ घालण्यापलीकडे पाहत नाही, ती कापसाच्या दीडपटीहून अधिक आणि काथ्याच्या दुपटीहून अधिक भार सोसते. या सातांपैकी घायपात अमेरिकेतून आलेले. आज ते दख्खनच्या प्रत्येक बांधावर जन्मजात असल्यासारखे दिसते, पण कौटिल्याला ते माहीत असणे शक्य नव्हते. ते सोडले तर वाइट यांच्या तक्त्यातली वरची दोन नावे, रुई आणि ताग, प्रत्यंचेच्या जुन्या यादीत आहेत. खालची दोन, अंबाडी आणि काथ्या, तिथे नाहीत. मधला कापूसही नाही, आणि तोही घरोघर कातला जात असताना. कापसाचे सूत मऊ आणि ताणले जाणारे, त्याची दोरी चढवल्यावर पुन्हापुन्हा आवळावी लागते. पंडिताच्या खोलीत बसून केलेली यादी वजनकाट्याशी इतकी जुळली नसती.

रुईचा धागा काढण्याची रीतही सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यातून आणखी एक कोडे उलगडते. ताग कापून, मोळ्या बांधून डबक्यात कुजवतात, मग झोडपून साल सोलतात आणि धुतात. रुईला पाण्यात घातले की तिचा चीक बाधतो आणि धागा काळवंडतो; म्हणून काड्या कापून नुसत्या सुकू देतात, साल ओढून काढतात आणि आतले रेशमासारखे तंतू हाताने सोडवतात. काम किचकट आहे, एका माणसाच्या दिवसभराच्या मेहनतीतून थोडासाच धागा हाती येतो. जहाजाचे दोर रुईचे होऊ शकले नाहीत ते याच कारणाने, आणि इंग्रजांचा उत्साहही त्यामुळे मावळला. पण प्रत्यंचेला लागतो तो धागा मूठभर. वसिष्ठांच्या नावाने चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेत रुईची साल भाद्रपदात घ्यावी असे म्हटले आहे. पावसाचे पाणी पिऊन काड्या तेव्हा सरळ आणि लांब वाढलेल्या असतात, अंगात रस असतो, त्यामुळे साल लांबच्या लांब निघते. हा महिना मुहूर्त पाहून ठरवला असेल असे मला वाटत नाही. तो सालीच्या ओलाव्यावरून ठरला असावा.

त्याच धनुर्वेदसंहितेच्या आधारे तिसरा आक्षेप घेता येतो. तिथे पहिला मान रेशमाच्या दोरीला आहे, ते न मिळाल्यास हरणाची किंवा रेड्याची कंडरा, आणि रुई खूप मागे. मग वनस्पती मुख्य कशी? इथे धनुष्याची जात पाहावी लागते. हा ग्रंथ बराच नंतरचा आहे आणि त्याच्यासमोर शिंगाची, सांधून केलेली, आखूड आणि ताठ धनुष्ये आहेत. ती घोडेस्वाराची आणि श्रीमंत योद्ध्याची. अशा धनुष्याला हलकी आणि किंचित ताणणारी दोरी मानवते आणि रेशीम दोन्ही गुण देते. पुढे मोगल काळातल्या कमानींचा चिल्ला म्हणजे दोरीही रेशमाची असे. ही धनुष्ये स्वतःच पाण्याला भितात, कारण शिंग, लाकूड आणि कंडरा सरसाने जोडलेली असतात. ज्याचे धनुष्य पावसात बाहेर निघत नाही त्याची दोरी पावसाला तोंड देणारी असण्याची गरज नाही. कौटिल्याला रेशीम ठाऊक होते, कोशागारातल्या वस्त्रांत त्याने कौशेय आणि चीनपट्ट मोजले आहेत, पण शस्त्रागारातल्या दोऱ्यांत ते घेतले नाही. हजारो पायदळाला रेशीम पुरवणे कोणत्याही राजाला परवडले नसते. आणि धनुर्वेदसंहितेतही एक ओळख पटवणारी जागा आहे: पिकलेल्या बांबूच्या सालीची दोरी रेशमाने गुंडाळली तर ती युद्धातले सर्व काम सोसते, असे तिथे सांगितले आहे. रेशीम इथे वरचे आवरण आहे, भार बांबूवर आहे.

बांबूची दोरी ऐकायला नवल वाटते, पण ती आपल्या शेजारी आजवर टिकून राहिली. सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या भिल्लांचा तीरकामठा हा बांबूचाच, आणि त्याची दोरी म्हणजे बांबूच्या पाठीची, हिरव्या सालीलगतची तासून गुळगुळीत केलेली लांब पट्टी. हिला पीळ नाही, त्यामुळे पीळ सुटून लांबणे नाही. बांबूच्या पाठीवर मेणचट थर असतो, तो पाणी आत शिरू देत नाही. पट्टीला गाठ नीट बसत नाही, म्हणून टोकांशी दोरीचे फासे जोडण्याची रीत मध्य आणि पूर्व भारतातल्या आदिवासींत आढळते. पट्टी तुटली तर रानात दुसरी तयार करायला कोयता आणि थोडा वेळ पुरतो. रेशमाच्या दोरीच्या मानाने ही जाड आणि संथ, अॅशमच्या भाषेत धनुष्याला सुरक्षित आणि बाणाला मंद. पण रानात सावज जवळून मारायचे असते, आणि तिथे वेगापेक्षा भरवसा मोलाचा. वेळू या साधनाला अर्थशास्त्राच्या यादीत जागा आहे ती अशा माणसांच्या कसबामुळे असावी. अर्थशास्त्रात आटविक म्हणजे रानातले लोक सैन्याचा एक प्रकार म्हणून येतात, आणि त्यांचे धनुष्य ते स्वतःच घेऊन येत असणार.

उरतो तो सर्वांत अवघड आक्षेप. आपल्याकडे लढाया पावसात होत नसत. दसरा झाला की सीमोल्लंघन, हा प्रघात. अर्थशास्त्रातही स्वारीसाठी मार्गशीर्ष, चैत्र आणि ज्येष्ठ हे महिने सुचवले आहेत. मग ओल्या दोरीची चिंता कोणाला? इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पुरूची सेना अलेक्झांडरशी लढली ती पावसाळी दिवसांत, हे खरे. ग्रीक इतिहासकार अॅरियनने वर्णन केलेले भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीचे, जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढायचे. त्या दिवशी ते निकामी ठरले याचे कारण रोमन इतिहासकार कर्टिअसने निसरडी जमीन असे दिले आहे. धनुष्य टेकवायला जागा मिळेना. दोरीने दगा दिला असे तो म्हणत नाही. ही लढाई माझ्या बाजूचा पुरावा म्हणून ओढून आणणे योग्य होणार नाही, फार तर एवढे म्हणता येईल की चिखलाची तक्रार आहे आणि दोरीची नाही.

पण धनुष्य म्हणजे फक्त लढाई असे धरले तरच हा आक्षेप टिकतो. धनुष्याचे बहुतेक आयुष्य शिकारीत आणि राखणीत जाते. डुकरे आणि हरणे शेतात शिरतात ती पीक उभे असताना, म्हणजे आषाढापासून कार्तिकापर्यंत. माळ्यावर बसलेल्या राखणदाराला धनुष्य लागते ते नेमके ओल्या महिन्यांत. शस्त्रागारातल्या दोऱ्याही मार्गशीर्षात बाहेर काढायच्या असल्या तरी चार महिने दमट कोठारात पडून राहिलेल्या असतात, आणि तिथे कातड्याला आणि तांतीला बुरशी आणि उंदीर आधी गाठतात. आश्विन-कार्तिकातल्या पहाटेचे दवही काही थोडे नसते. छावणीत रात्रभर उघड्यावर राहिलेली कंडरेची दोरी सकाळी ढिली सापडेल. शिवाय सैन्यात येणारा धनुर्धर घरून जे कसब आणि जी सवय घेऊन येतो ती त्याच्या गावच्या रानात घडलेली असते. राजाने लढाईचा महिना कोरडा निवडला म्हणून शिकाऱ्याची दोरी बदलत नाही.

शेवटी मूर्वा म्हणजे नेमके कोणते झाड, हा प्रश्न राहतो, आणि ज्या झाडाची ओळख पटत नाही त्यावर एवढा डोलारा कसा, असे कोणी विचारू शकेल. वैद्यांमध्येही यावर एकमत नाही. बंगालकडे मूर्वा म्हणून सान्सेव्हिएरिया घेतात, जिच्या आफ्रिकी जातभाईंच्या कुंड्या आता शहरांतल्या घराघरांत आहेत, उत्तरेत जिती, केरळात कोनेमॉर्फा ही मोठ्या पांढऱ्या फुलांची वेल, कर्नाटकात काही ठिकाणी मुरुडशेंगेची मुळे, आपल्याकडे मोरवेल. औषधाच्या दृष्टीने हा गोंधळ आहे आणि तो निस्तरायलाच हवा. दोरीच्या दृष्टीने मात्र या यादीत एक सूत्र दिसते. सान्सेव्हिएरिया, जिती, कोनेमॉर्फा, मुरुडशेंग या चारही झाडांचा धागा चिवट आहे आणि त्यांच्या त्यांच्या मुलखात दोऱ्यांसाठी ओळखला जातो. मोरवेल या कसोटीवर कच्ची ठरते. तिचे मूर्वापण बहुधा औषधी उपयोगातून किंवा नावाच्या जवळिकीतून आले असावे. बाकीच्यांबद्दल मला असे वाटते, की ज्या प्रदेशात ज्या झाडाची प्रत्यंचा सर्वांत भरवशाची निघाली त्याला तिथे मूर्वा म्हटले गेले. नाव झाडाला चिकटलेले नव्हते, कामाला चिकटलेले होते. हे अनुमान तपासता येण्यासारखे आहे. चारही झाडांच्या सारख्या जाडीच्या, तीन पेडी दोऱ्या वळाव्यात, शेजारी ताग, रुई, कापूस आणि कंडरा घ्यावी, प्रत्येकीची एक दोरी कोरडी आणि एक रात्रभर भिजवलेली तोडून पाहावी, आणि तुटण्याआधी ती किती लांबली हेही मोजावे. रॉक्सबर्गनी ओली-कोरडी चाचणी ज्या साधनांनी केली त्याहून अधिक काही लागत नाही. मुरुडशेंग सह्याद्रीच्या पायथ्याला भरपूर वाढते, आणि तिची साल काढायला पावसाळ्याचा शेवट हाच हंगाम चांगला.